चिंता प्रभूवर टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दर रविवारी उपासनेला जाते, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करते. पण नवऱ्याचा फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला, सासूबाईंची साखर वाढली, की सगळा विश्वास पाण्यात जातो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडून असते. रोजच्या धावपळीत देवावरचा भरवसा वाढवायचा तर काय करायचं, ते नीट सांगा."

ताई, आधी एक ओझं खाली ठेवा. संकटात भीती वाटली म्हणजे विश्वास संपला, असं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुठेही म्हणत नाही. त्यातल्या स्तोत्रसंहितेत 56व्या स्तोत्राचं तिसरं वचन काढून बघा. भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, असा त्याचा आशय आहे. भीती आणि भाव एकाच ओळीत शेजारी बसले आहेत. भीती गेल्यावर भाव येईल म्हणून थांबलात, तर थांबतच राहाल.

आपल्या मराठी शास्त्रात या गोष्टीसाठी फार नेमकं क्रियापद आहे. "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस" (नीतिसूत्रे 3:5). भाव ठेवणे. ठेवणं ही हाताची क्रिया आहे. ठेवायला हातात वस्तू लागते, कुठे ठेवायची ती जागा लागते, आणि ठेवल्यावर हात सोडावा लागतो. येशूचा शिष्य पेत्र तर आणखी रोखठोक लिहितो: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका (1 पेत्र 5:7). माझ्या मते बहुतेकांचं घोडं अडतं ते पहिल्याच पायरीवर, कारण हातात ठेवायला वस्तूच नसते. "प्रभू, आमच्या कुटुंबाला आशीर्वाद दे, सर्वांना आरोग्य दे, आमच्या गरजा भागव," अशी प्रार्थना आपण वर्षानुवर्षं करतो. ती चुकीची नाही, पण महिन्याभराने मागं वळून पाहिलं तर तिचं काय झालं ते सांगता येत नाही. आठवायला काही उरत नाही. आणि भरवसा वाढतो तो आठवणीवर.

भीतीचं मात्र तसं नसतं. ती अगदी नेमकी असते. 25 तारखेचा हप्ता, रिपोर्टवरचा आकडा, मुलाची फी. भीती नेमकी आणि प्रार्थना मोघम, असं असलं की रात्री दोन वाजता भीतीच जिंकणार. म्हणून पहिली सवय प्रार्थना नेमकी करण्याची. त्यासाठी एक वही लागते.

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका; मोबाइल उघडला की व्हॉट्सॲप उघडतं आणि पाच मिनिटांची वीस होतात. डाव्या पानावर तारीख, आणि तिच्याखाली मागणी एका वाक्यात. दिवसाला जास्तीत जास्त तीन गोष्टी. प्रत्येकीखाली "माझं काम" म्हणून एकच ओळ. उजवं पान सध्या कोरं सोडायचं.

तुमच्याच बाबतीत ते असं दिसेल. "12 जून. आईंची उपाशीपोटीची साखर 210. प्रभू, सोमवारी डॉक्टरांकडे यायला त्या तयार होऊ देत, आणि औषध बदललं तर ते लागू पडू दे. माझं काम: सकाळची गोळी आठ वाजता मी स्वतः हातात देईन, गेल्या दोन महिन्यांचे रिपोर्ट पिशवीत घालून ठेवीन." मग हलक्या आवाजात, पण तोंडाने म्हणायचं: "प्रभू, ही गोष्ट तुझ्याकडे ठेवली." वही मिटायची. पाच मिनिटांत हे होतं.

"माझं काम" ही ओळ गाळू नका. ती गाळली की दोनपैकी एक होतं. एकतर माणूस हातावर हात ठेवून बसतो आणि त्यालाच विश्वास समजतो. नाहीतर उलट, सगळंच स्वतःचं काम समजून दिवसभर धावतो आणि प्रार्थना नुसती तोंडाने करतो. ती एक ओळ सीमा आखते. इथपर्यंत माझं, यापुढचं प्रभूचं. गोळी देणं तुमच्या हातात आहे. ती शरीरात कशी काम करेल, ते नाही.

रात्री तीच भीती परत येईल. येणारच. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटांची विनवणी सुरू करू नका, कारण त्या विनवणीत आपण ठेवलेली वस्तू परत उचलून घेतो आणि नकळत प्रार्थनेच्या नावाखाली चिंताच करत बसतो. एकच वाक्य म्हणा: "ती तुझ्याकडे आहे, प्रभू, 12 तारखेला ठेवली आहे." दहा वेळा आली तर दहा वेळा तेच वाक्य. पहिल्या आठवड्यात हे अगदी कोरडं वाटतं. वाटू द्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारचं जेवण झाल्यावर वीस मिनिटं काढून उजवं पान भरायचं. चारच शब्द वापरा: मिळालं, वेगळं मिळालं, नाही, अजून थांबलोय. शेजारी एखादं वाक्य. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, फक्त "मिळालं" लिहायचं आणि बाकीचं विसरायचं. मग वहीची जाहिरात होते, आणि पहिलं मोठं "नाही" आलं की ती माळ्यावर जाते. शास्त्र स्वतः "नाही"ची पानं फाडत नाही. प्रेषित पौलाने ज्याला शरीरातला काटा म्हटलं त्या त्रासाबद्दल तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही (2 करिंथ 12). गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. ज्या वहीत "नाही" लिहायला जागा आहे, तीच वही वाईट वर्षात उपयोगी पडते.

दुसरी चूक म्हणजे देवाला गुण देणं. दहापैकी सात मिळाले, म्हणजे देव सत्तर टक्के विश्वासू! तसा हिशेब मांडायचा नाही. पान भरताना स्वतःला विचारायचं ते हे, की या गोष्टीत मी एकटी होते का. पुष्कळदा "नाही"च्या शेजारीच लिहावं लागतं की त्या रात्री शेजारच्या काकू न बोलावता डबा घेऊन आल्या होत्या. तेही लिहा. तिसरी चूक अट घालण्याची: "हे झालं तर मी इतके पैसे देईन, इतके दिवस उपास करीन." आपल्याकडच्या हवेतच ही बोलणी असतात आणि ख्रिस्ती घरांतही ती सहज शिरतात. अट घालून केलेल्या प्रार्थनेत बाप-लेकीचं नातं उरत नाही, सौदा होतो. इस्राएलांचा पुढारी इफ्ताह याने असाच नवस केला आणि आपली एकुलती एक मुलगी गमावून बसला (शास्ते 11). आभार मानायचे असतील तर मिळो न मिळो, माना.

एक सावधगिरी. घर लहान असतं, वही कुणाच्याही हाती लागते. जावेचं भांडण, दिराचं दारू पिणं, असल्या गोष्टी पूर्ण नावानिशी लिहू नका. पहिलं अक्षर पुरे.

इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने यार्देन ओलांडल्यावर नदीतून बारा धोंडे उचलून आणायला लावले ते याचसाठी (यहोशवा 4). पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले? तेव्हा सांगता यावं. आठवण आपोआप टिकत नाही, तिला वजनदार काहीतरी लागतं. वही हा तुमचा धोंडा.

आता वाचनाबद्दल. भरवसा वाढवायचा असेल तर स्तोत्रसंहितेपासून सुरुवात करा. दिवसाला एक स्तोत्र, मोठ्याने वाचून. स्तोत्रं 150 आहेत. 119वं 176 वचनांचं आहे आणि आठ-आठ वचनांचे 22 भाग आधीच पाडलेले आहेत, तेव्हा त्याला 22 दिवस द्या. म्हणजे सगळी मिळून 171 दिवस, साडेपाच-पावणेसहा महिने. जोडीला मार्कचं शुभवर्तमान, 16 अध्याय, रोज अर्धा. यापेक्षा जास्त नको. वर्षात पूर्ण शास्त्र वाचायचा बेत एक जानेवारीला मोठ्या उत्साहाने सुरू होतो आणि लेवीय पुस्तकात अडकतो. मग अपराधीपणा येतो आणि माणूस शास्त्र उघडायचंच टाळतो. दिवस चुकला तर भरून काढू नका. ज्या दिवशी बसाल त्या दिवशी पुढचं एक.

पण जड दिवसांसाठी एक स्तोत्र वेगळं काढून ठेवा: 13वं. फक्त सहा वचनं आहेत, आणि प्रार्थना कशी करायची याचा पूर्ण आराखडा त्यांत आहे. पहिल्या दोन वचनांत तक्रार. "कोठवर?" हा प्रश्न मूळ हिब्रूत चार वेळा येतो. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझे डोळे उजळ. पाचव्या-सहाव्यात भाव: मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे, मी गाईन. मधे काय बदललं ते शोधा. काहीच नाही. शत्रू पळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही, पैसे आल्याचं नाही. चौथं वचन संपतं आणि पाचवं सुरू होतं, एवढंच.

हाच साचा वहीत स्वतःच्या शब्दांनी भरा. "कोठवर, प्रभू? 25 ला हप्ता आहे आणि हातात 3,000 आहेत. कोठवर मीच सगळ्यांना धीर द्यायचा?" ही तक्रार. इथे भीड नको. चर्चमध्ये बोलतो तसली सजवलेली भाषाही नको. मग: "उद्या सोसायटीत मुदत मागायला जायचंय, मला नीट बोलता येऊ दे." ही मागणी. मग वहीची मागची पानं उलटून एक खरी घडलेली गोष्ट शोधा आणि ती लिहा: "फेब्रुवारीत फीचं असंच झालं होतं आणि वाट निघाली होती. तोच तू आहेस." हा भाव. तिसरा भाग मनापासून निघत नसेल तर ओढूनताणून लिहू नका, दुसऱ्यावर थांबा. 88वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी केलेली तक्रारही देवाशीच बोलणं आहे. धोका आहे तो बोलणं बंद होण्यात.

वचनांच्या पेटीतून रोज एक चिठ्ठी उचलून तीच आजच्या दिवसाचं भाकीत समजायची सवय असेल, तर तिला आवर घाला. यिर्मया 29:11 हे वचन घरोघरच्या कॅलेंडरवर असतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते वचन संदेष्टा यिर्मयाने बाबेलात कैदेत गेलेल्या यहूद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा काळ सांगितलाय, आणि पाचव्या वचनात म्हटलंय, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. म्हणजे लवकर सुटका होईल या आशेवर नाही, तर लांबच्या मुक्कामातही देव सोडत नाही यावर भाव ठेवा. अकरावं वचन एकटं वाचलं की पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम परत सुरू होईल असं वाटायला लागतं. झाला नाही की वचन खोटं ठरल्यासारखं होतं. मागचीपुढची दहा वचनं वाचायची सवय लावली की हे दुखणं जातं.

वेळ कुठली, असं तुम्ही विचारालच. घड्याळाला बांधू नका. आधीच रोज होणाऱ्या कामाला बांधा. नळाला पाणी येऊन भांडी भरून झाली की, किंवा दूध तापून गॅस बंद केला की, ताबडतोब. तुमच्या घरात मिस्टरांच्या कामाच्या पाळ्या बदलतात, त्यामुळे "सकाळी सहा" हा नियम दर आठवड्याला मोडणार. "दूध उतरवलं की वही" हा मोडत नाही. आठवड्यात पाच दिवस जमलं तर उत्तम समजा.

आणि भाकरी थापताना एक करून बघा. पीठ मळून झालं, गोळा हातात आला, की प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, सावकाश म्हणायला सुरुवात करा. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीपाशी एक भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंत थांबा. या ओळीत "आज" आहे. तुमच्या रात्रीच्या चिंता बघा, त्यांत आजचं जवळजवळ काही नसतं. सगळं 25 तारखेचं, पुढच्या वर्षीचं. इस्राएली लोकांना रानात खायला मान्ना पडायचा तेव्हाही नियम हाच होता: माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला त्याच्यात किडे पडले (निर्गम 16). मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, तेव्हा बचत करणं किंवा विमा उतरवणं हा अविश्वास नव्हे. वहीत याचा उपयोग असा करा: प्रत्येक चिंतेपुढे विचारा, यातलं आज करण्यासारखं काय? काही असेल तर ते "माझं काम" मध्ये जाईल. नसेल तर पुढची तारीख टाका, "18 ला बघायचं", आणि 18 येईपर्यंत त्या पानाला हात लावू नका.

विश्वास आणि शहाणपण यांत भांडण आहे असं शिकवणारे लोक भेटतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. आपल्या कोल्हापुरात पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याकडे असतं. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 43 च्या कितीतरी वर गेलं. 39 चा आकडा कानावर आला की नदीकाठची माणसं कागदपत्रं, गाद्या, धान्य वर चढवतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवतात. त्यांचा देवावर भाव नाही असं कुणी म्हणत नाही. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्या नहेम्याने तेच केलं: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, दोन्ही एकाच वचनात (नहेम्या 4:9). घरातल्या प्रत्येक मोठ्या चिंतेची अशी 39 ची खूण आधी ठरवून ठेवा. "हातात एक हप्त्याएवढीच शिल्लक राहिली की सोसायटीत जाऊन बोलायचं." "साखर सलग दोनदा 250 च्या वर आली की ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टर." खूण ठरली की तिथपर्यंत पोचेपर्यंत पाणी तपासत बसायचं कारण उरत नाही.

सासूबाईंचं औषध प्रार्थनेच्या नावाखाली कधीही बंद करू नका, कुणी कितीही मोठी साक्ष सांगितली तरी. आपल्या भागात ख्रिस्ती मंडळी आणि दवाखाना एकत्रच वाढले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणारे विल्यम वॉन्लेस डॉक्टरही होते आणि मिशनरीही.

पैशाबद्दल थोडंच. अर्पण ही भरवशाची सवय आहे, कारण पैसा सोडताना हात खरोखर सोडावा लागतो. पण कर्ज डोक्यावर असताना एकदम दशमांशाची, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याची, उडी नको. पगार 22,000 असेल तर दोन टक्के म्हणजे 440 रुपये, पगाराच्याच दिवशी, बाकी खर्चाच्या आधी पाकिटात. सहा महिने हे बिनचूक जमलं की तीन टक्के. तेही जड असेल तर मिझोरामच्या मंडळ्यांतल्या बायका करतात तसं करा: दर वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला. दिलेलं शंभरपट परत येतं, असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. ते शिक्षण भरवशाचं नाही, लॉटरीचं आहे.

विसाव्याचा दिवसही याच कुळातला. रविवारी उपासनेहून आल्यावर चार तास शिलाई नाही, हिशेब नाही, मोबाइलवर ऑर्डर नाही. ऊसतोडीच्या किंवा गुऱ्हाळाच्या हंगामात रविवार मिळत नसेल तर जमेल त्या वारी अर्धा दिवस. चार तास आपण हात काढला तरी घर उभं राहतं, हे शरीराला कळावं लागतं. उपदेश ऐकून ते कळत नाही.

आता तुमची रात्र. झोपण्याआधी सहा मिनिटं, दिवा मंद करून. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवस तपासायची पाच पायऱ्यांची पद्धत घालून दिली; घरगुती वापरासाठी ती अशी करता येते. आधी देवासमोर शांत बसून आजचा दिवस त्याच्या उजेडात दिसावा असं मागायचं. मग आजच्या तीन गोष्टींचे आभार, नेमक्या: "पाऊस पडायच्या आत कपडे काढता आले" चालेल, "सर्व आशीर्वादांसाठी" नको. मग दिवस सकाळपासून सिनेमासारखा डोळ्यांपुढून सोडायचा आणि कुठे भीतीने आपल्याला हाताला धरून चालवलं ते बघायचं. त्या भीतीपायी मुलावर ओरडलो असू, खोटं बोललो असू, तर त्याची क्षमा. शेवटी उद्याची एक गोष्ट ठेवायची. एकच. मग 4 थ्या स्तोत्राचं शेवटचं वचन म्हणून आडवं व्हायचं. ही तपासणी अंथरुणात पडल्या पडल्या करू नका. अंगाला सवय लागते की पाठ टेकली की विचार सुरू. बसून करा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, 13वं किंवा 77वं स्तोत्र वाचा आणि डोळे जड झाले की परत या.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. टेली-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन करून बोलता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. उदासीनतेचं दुखणं हे पाप नाही, साखरेसारखंच दुखणं आहे. संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं (1 राजे 19). शिकवण नंतर आली.

हे सगळं एकटीने करू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडतात, आणि येशू "त्यांचा" विश्वास पाहतो. खाटेवरच्याचा विश्वास किती होता, ते लिहिलेलं नाही. काही महिने आपण खाटेवर असतो. तेव्हा उचलणारे हात लागतात. महिला मंडळातली एक बाई निवडा, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. दर शनिवारी रात्री दहा मिनिटांचा फोन. दोघींनी एक-एक गोष्ट सांगायची, उपदेश द्यायचा नाही, लगेच फोनवरच प्रार्थना करायची, आणि ऐकलेलं पुढे न्यायचं नाही. गृहप्रार्थनेत सगळं उघडं करायची घाई नको. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते" या वाक्याने सुरू झालेली चहाडी पुष्कळ मंडळ्यांत फिरत असते, आणि एकदा पोळलेली बाई पुन्हा तोंड उघडत नाही.

मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडेही जा. मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना होत आली आहे. ज्यांच्या घरात ती चार-पाच पिढ्या चालली त्यांच्याकडे तुमच्या वहीपेक्षा मोठी वही आहे, ती फक्त तोंडी आहे. "आजी, देवाने तुम्हाला काय दिलं?" असं विचारलंत तर नेहमीची साक्ष ऐकायला मिळेल. "कुठल्या प्रार्थनेला नाही आलं, आणि तरी तुम्ही येत राहिलात?" असं विचारा, आणि मग घाई न करता बसा.

राहिले तुमचे मिस्टर आणि मुलं. कौटुंबिक प्रार्थना सात मिनिटांपेक्षा लांबवू नका: एक गाणं, पाच-सहा वचनं, प्रत्येकाची एक ओळीची प्रार्थना. वाइल्डरांच्या नंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या नारायण वामन टिळकांची गीतं मुलांना चटकन येतात, कारण चाल आपल्या भजनाची आहे. अवघड वाचनापेक्षा एक कडवं रोज बरं. मुलांना वही दाखवा, त्यांचीही ओळ तीत घाला. लहान मुलाने "माझा कंपास सापडू दे" म्हटलं तर हसू नका, ती लिहा, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्यासमोरच उजवं पान भरा, सापडला नसेल तर "नाही" असंच.

मिस्टरांच्या तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या, पाळीच्या आठवड्यात सगळे एकत्र बसणं जमणार नाही. त्या आठवड्यात डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवा, तीवर त्या दिवसाच्या स्तोत्राचा नुसता आकडा. मधल्या सुट्टीत ते मोबाइलवर वाचतील. सकाळी परत आले की अंघोळीआधी, चहा पुढे ठेवताना एवढंच विचारा, "आज वहीत काय लिहू?" पहिले काही दिवस "काही नाही" असं उत्तर येईल. तेव्हा आग्रह न करता चहा द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.